‘फॉरमॅट मार’ या सल्ल्याची चिकित्सा

या ब्लॉगवर आपण एरवी पेपर तपासतो. आज एक सल्ला तपासू. पेपरला लावतो तेच प्रश्न त्यालाही लावायचे: काय मोजलं, कशाने मोजलं, कशाशी तुलना केली?

सल्ला तुमच्या ओळखीचा आहे. घरच्या वायफायवर लॅपटॉप नुसता सुरू आहे. ब्राउझर बंद, काही डाउनलोड लावलेलं नाही, तरी राउटरचा दिवा रात्रभर लुकलुकतो आणि डेटा संपतो. कुणाला विचारा, उत्तर याच क्रमाने येतं. टास्क मॅनेजर उघड, संशयास्पद दिसेल ते बंद कर, अँटिव्हायरस टाक, आणि तरीही थांबलं नाही तर फॉरमॅट मार. जळगावातल्या दुरुस्तीच्या दुकानात, धुळ्यातल्या हॉस्टेलवर, यूट्यूबवर, सगळीकडे हेच. चार पायऱ्या आहेत आणि त्यातल्या एकीतही मोजमाप नाही, हा माझा मुख्य आक्षेप.

शून्य गृहीत धरलं आहे

सल्ल्याच्या मुळाशी एक न बोललेलं गृहीतक आहे: काही करत नसलेल्या लॅपटॉपचं नेटवर्क शून्य असायला हवं. एमएस्सी फिजिक्सला जीएम काउंटरचं प्रॅक्टिकल केलेल्यांना यातली गडबड लगेच दिसेल. सोर्स लावायच्या आधी आपण रिकाम्या काउंटरचे काउंट घेतो आणि ते शून्य कधीच येत नाहीत. हा बॅकग्राउंड वजा केल्याशिवाय पुढचं रीडिंग वहीत लिहिलं तर सर सही करत नाहीत.

लॅपटॉपलाही बॅकग्राउंड आहे. इंटरनेट चालू आहे का हे बघायला विंडोज एका ठरावीक पत्त्यावरची छोटीशी फाइल मागवते. घड्याळ जुळवते, राउटरकडून मिळालेला पत्ता मुदत संपण्याआधी वाढवून घेते, घरातला प्रिंटर किंवा टीव्ही कुठे आहे हे हाका मारून शोधते. वनड्राइव्ह फाइली जुळवत असतो. ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ ही विंडोजचीच सोय अपडेट उतरवते, आणि सेटिंग तसं असेल तर उतरवलेले तुकडे दुसऱ्या कॉम्प्युटरना पाठवतेही. म्हणजे व्हायरस नसताना अपलोडही दिसू शकतो. आपल्याकडे अजून एक घटक आहे: लाइट. दोन-तीन तास गेलेली लाइट आली की राउटर सुरू होतो आणि घरातली सगळी उपकरणं राहिलेली कामं एकदम उरकायला लागतात. त्या अर्ध्या तासात घेतलेलं रीडिंग नेहमीचं म्हणून धरता येणार नाही.

यंत्र काय दाखवतं

टास्क मॅनेजर नेटवर्कचा वेग मेगाबिट दर सेकंदात दाखवतो, एका दशांश स्थळापर्यंत. ०.१ हा आकडा बघून आपण ‘किरकोळ’ म्हणतो. गणित करू. ०.१ मेगाबिट म्हणजे सेकंदाला १२.५ किलोबाइट. दिवसाचे ८६,४०० सेकंद. गुणाकार येतो जवळपास १.०८ जीबी. फोनच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप चालवणाऱ्या मुलाचा दिवसाचा दीड जीबीचा पॅक असेल, तर दोन तृतीयांशाहून जास्त पॅक त्या ‘किरकोळ’ आकड्यात गेला. म्हणजे या यंत्राचा लीस्ट काउंटच आपल्या प्रश्नासाठी मोठा पडतो. विंडोजमध्येच असलेला रिसोर्स मॉनिटर बाइटमध्ये सरासरी दाखवतो आणि कोणती प्रोसेस कोणत्या पत्त्याशी बोलते तेही दाखवतो. सल्ल्यात त्याचं नाव क्वचितच येतं.

राउटरच्या दिव्याचं तर आणखी अवघड आहे. तो घरातल्या सगळ्या उपकरणांचा मिळून एक दिवा आहे. बाबांचा फोन, टीव्ही, शेजाऱ्याला दिलेला पासवर्ड, सगळं त्यात आलं. शिवाय थोडी पॅकेट आणि हजारो पॅकेट त्याला जवळपास सारखीच.

‘संशयास्पद दिसेल ते बंद कर’ ही पायरी त्याहून कमजोर. कुणाला संशयास्पद? ‘एसव्हीसीहोस्ट’ हे नाव पहिल्यांदा बघणाऱ्याला भयंकर वाटतं, पण विंडोजच्या कितीतरी सर्व्हिस त्याच नावाखाली चालतात. उलट मालवेअर लिहिणारा आपल्या प्रोग्रॅमला सभ्य नाव देतो. चोरून मायनिंग करणारे काही प्रोग्रॅम तर टास्क मॅनेजर उघडला की गप्प बसतात. ज्या यंत्रावर संशय आहे, त्याचीच साक्ष इथे एकमेव पुरावा धरली आहे.

फॉरमॅटने काय सिद्ध होतं

धुळ्याला देवपूरमध्ये राहणारा, पीएचडीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणारा एक मुलगा. रात्री दोनला दिवा लुकलुकताना बघून त्याने ठरवलं की लॅपटॉप हॅक झालाय. दुकानदाराने फॉरमॅट मारून दिला. डेस्कटॉपवर प्रोजेक्टचा एक्सआरडीचा डेटा होता. बराचसा पेनड्राइव्हवर होता, सगळा नव्हता. आणि पुढचे दोन दिवस दिवा आधीपेक्षा जास्त लुकलुकला! यात नवल काही नाही. कोरी विंडोज टाकली की साठलेले सगळे अपडेट नव्याने उतरतात, वनड्राइव्ह फाइली पुन्हा जुळवायला लागतो.

डेटा गेला हे नुकसान तर झालंच. त्याहून वाईट म्हणजे प्रश्न तसाच राहिला. दिवा थांबला असता तरी कारण कळलं नसतं, कारण फॉरमॅटने शंभर गोष्टी एकदम बदलल्या. सँपल जाळून टाकल्यावर त्यात काय होतं ते कोण सांगणार?

पुस्तकातला चोर

या विषयावरचं एक गाजलेलं पुस्तक आहे, क्लिफर्ड स्टोल यांचं ‘द ककूज एग’, १९८९ सालचं. स्टोल खगोलशास्त्रज्ञ. १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या कॉम्प्युटरच्या हिशेबात ७५ सेंटचा फरक निघाला, आणि तो शोधता शोधता ते पश्चिम जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या एका घुसखोरापर्यंत पोचले. त्यांची पद्धत घ्यावी अशीच आहे. येणाऱ्या लाइनींना त्यांनी बाहेरून प्रिंटर जोडले, म्हणजे घुसखोराला पत्ता न लागता नोंद होत राहिली. रोजची वही ठेवली. फरक लहान म्हणून सोडून दिला नाही.

तरीही एक तक्रार आहे. त्या गोष्टीत चोर सापडतो, म्हणून तिचं पुस्तक झालं. ज्या हजार शोधांत शेवटी अपडेट किंवा वनड्राइव्ह निघाला, त्यांची पुस्तकं होत नाहीत. ते वाचून उठलेला विद्यार्थी प्रत्येक लुकलुकीत हॅनोव्हर शोधतो. प्रसिद्ध झालेल्या पेपरांचंही असंच असतं. ‘काही निघालं नाही’ असे निकाल छापून येत नाहीत, आणि आपला अंदाज मग एका बाजूला झुकतो.

मग करायचं काय

आधी बॅकअप. मग वही उघडा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. लॅपटॉपचं वायफाय बंद करून दिवा बघा. तसाच चालू असेल तर आरोपी दुसरा आहे. मग घरातली बाकी उपकरणं काढून फक्त लॅपटॉप ठेवा. अर्धा तास हात न लावता सोडा आणि आधीच्या-नंतरच्या ‘डेटा युसेज’मधला फरक लिहा. राउटरच्या पानावर उपकरणवार आकडे मिळत असतील तर ते जास्त विश्वासाचे, कारण ते लॅपटॉपच्या बाहेरून आलेले. पेनड्राइव्हवरून लिनक्स लावून तेच रीडिंग घ्या. हार्डवेअर तेच, विंडोज नाही. यापेक्षा चांगला कंट्रोल घरी मिळत नाही. शेवटी अपडेट, वनड्राइव्ह वगैरे एकेक थांबवून बघा. हे सगळं दिवसा एकदा, रात्री एकदा. वायफायला ‘मीटर्ड’ ठरवलं की विंडोज बरेच अपडेट थांबवून ठेवते, पण ते सगळं मोजून झाल्यावर.

सल्ल्याच्या बाजूनेही एक सांगायला हवं. न टाकलेलं रिमोटचं ॲप सापडलं किंवा खात्यातून पैसे गेले, तर मोजत बसू नका. नेट तोडा, दुसऱ्या उपकरणावरून पासवर्ड बदला, पैशांसाठी १९३० ला फोन करा. खरोखर मालवेअर निघालं तर फॉरमॅट हाच उपाय, पण पुरावा आणि डेटा बाजूला काढून झाल्यावर.

एरवी वहीत चार रीडिंग झाल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नका. आणि चारही रीडिंगमध्ये फक्त अपडेट निघाला, तर तेही तारखेसकट लिहून ठेवा.