दफन आणि माफी

मिचिओ ताकेयामा या जपानी लेखकाची ‘बर्मीज हार्प’ ही किशोरांसाठीची कादंबरी १९४७-४८ मध्ये मुलांच्या मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. ताकेयामा शिक्षक होते आणि त्यांचे कितीतरी विद्यार्थी युद्धात मारले गेले होते. कोन इचिकावा यांच्या १९५६ च्या चित्रपटामुळे ही कथा जगभर पोहोचली.

कथा १९४५ च्या बर्मातली. शरणागतीनंतरही लढत राहिलेल्या तुकडीची समजूत घालायला मिझुशिमा या सैनिकाला पाठवले जाते. त्याला यश येत नाही. परतताना जागोजागी बेवारस प्रेते दिसतात. एका अनोळखी जपानी सैनिकाच्या कबरीपाशी इंग्रज परिचारिका प्रार्थना गात असतात. आपल्या मृतांची कदर शत्रूने करावी, याची त्याला शरम वाटते. भिक्खू होऊन तो बर्मातच राहतो आणि मृतांचे दफन करीत फिरतो.

बेवारस मय्यतीचे कफन-दफन आपल्याकडे फर्जे किफाया आहे. त्यामुळे हा भाग आपल्या वाचकाला लगेच भिडतो. पण माफीचा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही. मिझुशिमाला अस्वस्थ करतात ती जपानी प्रेते. जपानी लष्कर बर्मी माणसांशी कसे वागले, याचा हिशेब कादंबरी मांडत नाही. ७ जुलै १९४५ रोजी कलागोन गावातल्या पुरुषांना मशिदीत कोंडण्यात आले आणि जपानी सैनिकांनी शेकडो गावकऱ्यांची कत्तल केली. सयाम-बर्मा रेल्वे बांधताना हजारो आशियाई मजूर मेले. कादंबरीतले बर्मी मात्र एकतर हसतमुख भाविक किंवा रानातले नरभक्षक. फिर्याद घेऊन उभा राहणारा त्यांत एकही नाही.

आपण हक्कुल्लाह आणि हक्कुल इबाद यांत फरक करतो. अल्लाहच्या हक्कातली कसूर तौबेने माफ होऊ शकते. बंद्याचा हक्क मारला असेल तर त्या बंद्याच्याच दारी जावे लागते. या कसोटीवर मिझुशिमाचा त्याग खरा असला तरी अपुरा ठरतो. तो मृतांची सेवा करतो, पण ज्यांचे नुकसान झाले त्या जिवंतांसमोर उभा राहत नाही.

तरीही आठवी-नववीच्या मुलांना ही कादंबरी जरूर द्यावी. हरलेल्या देशाच्या मुलांना सूड न शिकवता करुणा शिकवणारे पुस्तक तेव्हा लिहिले गेले, ही लहान गोष्ट नव्हे. फक्त वाचून झाल्यावर मुलांना एक काम सांगावे. कैद्यांच्या छावणीत माल विकायला एक बर्मी म्हातारी येते. युद्धात तिचे काय गेले, हे पुस्तकात तिला कुणी विचारत नाही. ते मुलांनी विचारावे, आणि तिचे उत्तर स्वतः लिहून पाहावे.