ग्रिफिथचा हेतू आणि कास्काचे मौन

लेडी मॅक्बेथला मुले किती होती, हा प्रश्न एल. सी. नाइट्स यांनी १९३३ मध्ये आपल्या निबंधाच्या शीर्षकातच विचारला होता, तो अर्थातच उत्तर मिळावे म्हणून नव्हे. नाटकातील पात्रांना संहितेबाहेरचे आयुष्य बहाल करून त्यांच्या हेतूंचा माग काढणाऱ्या ब्रॅडलीच्या परंपरेची ती टवाळी होती. संहितेत नसलेल्या गोष्टींविषयी तर्क लढवणे म्हणजे काव्य सोडून चरित्र वाचणे, हा नाइट्स यांचा आक्षेप पुढे विद्यापीठीय समीक्षेत इतका रुजला की पात्राच्या हेतूविषयीचा प्रश्न हा अप्रगल्भ वाचकाचा प्रश्न मानला जाऊ लागला. मराठीत या शिस्तीचा परिणाम काहीसा उशिरा आणि अर्धाच झाला. धर्मराज हा विदुराचा मुलगा असावा का, हा 'युगान्त'मधील (१९६७) इरावती कर्वे यांचा तर्क कोणी बालिश ठरवला नाही, कारण तेथे तर्कामागे संहितेचे बारकाईने केलेले वाचन होते.

जपानी मांगाच्या वाचकांनी पात्रांचे हेतू आणि परस्परसंबंध यांविषयी रचलेल्या उपपत्त्यांकडे, ज्यांना सर्वत्र 'फॅन थिअरी' म्हटले जाते, या पार्श्वभूमीवर पाहायला हवे. त्यांतील पुष्कळशा उथळ आहेत, याविषयी वाद नाही. परंतु त्या कशाविषयी रचल्या जातात आणि कशाविषयी रचल्या जात नाहीत, हा प्रश्न उथळ नाही. केन्तारो मिउरा यांची 'बर्सर्क' ही मालिका या दृष्टीने विशेष बोलकी आहे.

'बर्सर्क' १९८९ मध्ये सुरू झाली आणि १९९२ पासून हाकुसेनशा या प्रकाशनसंस्थेच्या 'यंग अ‍ॅनिमल' या नियतकालिकातून येत राहिली. तिच्या मध्यभागी तीन माणसे आहेत. ग्रिफिथ हा स्वतःचे राज्य मिळवण्याचे स्वप्न पाहणारा, भाडोत्री सैनिकांच्या 'ससाण्याच्या टोळी'चा तरुण नायक. गट्स हा त्याच्याकडून द्वंद्वात हरून त्या टोळीत आलेला योद्धा. कास्का ही टोळीतील सेनानी. गट्स टोळी सोडून जातो. जाताना झालेल्या द्वंद्वात हरलेला ग्रिफिथ त्याच रात्री राजकन्येच्या शयनगृहात शिरतो, पकडला जातो, आणि वर्षभराच्या छळानंतर जीभ व हातापायांचे स्नायू गमावलेल्या अवस्थेत सोडवला जातो. पुढे 'ग्रहणा'च्या प्रसंगी तो आपल्या सर्व सहकाऱ्यांचा बळी देऊन अमानुष सामर्थ्य मिळवतो आणि गट्सच्या डोळ्यांसमोर कास्कावर बलात्कार करतो. गट्स एक हात व एक डोळा गमावतो. कास्का भान आणि वाणी गमावते.

ग्रिफिथने हे का केले? मालिकेच्या वाचकांचा सारा तर्कव्यवहार या एका प्रश्नाभोवती फिरत आला आहे. पहिली उपपत्ती महत्त्वाकांक्षेची. ग्रहणाच्या वेळी ग्रिफिथला जे दृश्य दिसते, त्यात गल्लीबोळांतून दूरच्या किल्ल्याकडे धावणारा एक मुलगा आहे आणि त्याच्या पायाखालची वाट प्रेतांची आहे. इतकी प्रेते पडल्यावर थांबणे म्हणजे त्या मृतांचा अपमान, असा हा युक्तिवाद. दुसरी उपपत्ती प्रेमाची, किंवा प्रेमातून आलेल्या सूडाची. बळीच्या क्षणी ग्रिफिथच्या मनात येते ते असे की, हजारो साथीदार आणि असंख्य शत्रू यांच्यात या एकट्यानेच आपल्याला आपल्या स्वप्नाचा विसर पाडला. त्यानंतर एकच क्रियापद येते, 'अर्पण करणे' या अर्थाचे. जपानीत त्याला कर्ता लागत नाही, कर्मही लागत नाही. मराठीत तेच वाक्य आणायचे तर 'करतो' म्हणावे लागते आणि काय अर्पण करतो तेही सांगावेसे वाटते. मूळ भाषेच्या व्याकरणानेच जी जागा मोकळी ठेवली, ती भरण्यासाठी वाचकांची ही चढाओढ आहे असे म्हणता येईल.

या दोन उपपत्त्या परस्परविरोधी वाटतात, परंतु संहिता दोन्हींना खतपाणी घालते. स्वतःचे स्वप्न असलेला आणि आपल्या बरोबरीचा असलेला माणूसच आपला मित्र, हे ग्रिफिथ राजकन्येला सांगतो आणि गट्स ते आडून ऐकतो. गट्सच्या जाण्याचे बीज या ऐकण्यात आहे. पुढे पुनर्जन्म पावलेला ग्रिफिथ तलवारींच्या टेकडीवर गट्ससमोर येतो तो, आपल्या मनात अजून काही हलते का हे पाहण्यासाठी. काहीच हलत नाही असा निर्वाळा तो देतो, आणि थोड्याच वेळात कोसळणाऱ्या दगडांपासून कास्काला वाचवतो. ही धडधड आपली नव्हे, ज्या अर्भकाच्या देहातून आपण परतलो त्याची, असा अर्थ तो स्वतःच लावतो. पात्रच येथे स्वतःविषयी उपपत्ती मांडते. वाचकाने तीवर विश्वास का ठेवावा, हा अत्यंत रास्त प्रश्न आहे.

येथे नाइट्स यांचा आक्षेप जसाच्या तसा लागू पडत नाही, याचे कारण प्रकाशनाच्या पद्धतीत आहे. 'मॅक्बेथ' पूर्ण झालेली कृती आहे. तेथे तर्काला उत्तर मिळण्याची शक्यताच नाही. क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या मालिकेत मात्र हेतू हा पुढे ढकललेला असतो आणि वाचकाचा तर्क हा खरा किंवा खोटा ठरू शकणारा अंदाज असतो. पौर्णिमेच्या रात्री येणारा मुका मुलगा हा गट्स आणि कास्का यांचे मूल असावा आणि त्याचा ग्रिफिथशी देहाचा संबंध असावा, असे वाचक अनेक वर्षे म्हणत होते. मे २०२१ मध्ये मिउरांचे निधन झाले. त्यानंतर त्याच वर्षी सप्टेंबरात प्रसिद्ध झालेल्या ३६४व्या प्रकरणात तो मुलगा ग्रिफिथच्या रूपात पालटतो. ज्याला बालिश म्हणून झटकले गेले असते, ते नीट केलेले वाचन ठरले.

एइजी ओत्सुका यांनी १९८९ मध्ये मांडलेला 'कथेच्या उपभोगा'चा सिद्धान्त याच वृत्तीचे वर्णन करतो. त्यांच्या मते ग्राहक सुटा भाग विकत घेतो तो त्यामागे असलेल्या मोठ्या कथेपर्यंत पोहोचण्यासाठी. हिरोकी आझुमा यांनी २००१ मध्ये त्याला छेद दिला: मोठी कथा उरलेलीच नाही, उरले आहेत ते पात्रांच्या घटकांचे भांडार. 'बर्सर्क'चा वाचक यांपैकी पहिल्या प्रकारातला आहे. त्याला ग्रिफिथचे केस किंवा शिरस्त्राण नको आहे, कारण हवे आहे. आझुमांचे भाकीत या वाचकापुरते तरी फसले, असेच म्हणावे लागते.

या कारणाच्या भुकेवर मालिकेतच एक विलक्षण भाष्य होते, आणि ते लेखकानेच काढून टाकले. १९९६ मध्ये नियतकालिकात आलेल्या ८३व्या प्रकरणात ग्रिफिथ एका देवाला भेटतो. आपल्या दुःखाला कारण असावे या माणसांच्या सामूहिक इच्छेतूनच हा देव जन्मला आहे. माणसे कारण मागत होती, म्हणून कारण पुरवणारा अस्तित्वात आला. ग्रंथरूपातील तेराव्या खंडात मिउरांनी हे प्रकरण घेतले नाही. त्यामुळे कथेच्या विश्वाची सीमा कायमची आखली जाते, अशी त्यांची भूमिका होती. तरीही वाचकांच्या युक्तिवादांत हे वगळलेले प्रकरण पुरावा म्हणून आजतागायत वापरले जाते. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीने तळटीपांत आणि परिशिष्टांत नेलेला मजकूर लोकमानसात जसा मूळ संहितेइतकाच जिवंत राहिला, तसेच हे झाले. फरक इतकाच, की येथे मजकूर प्रक्षिप्त नाही, माघारी घेतलेला आहे. लेखकाने स्वतः नाकारलेला हेतू लेखकाचा मानायचा की नाही, हा प्रश्न विम्सॅट आणि बिअर्ड्स्ली यांच्यासमोरही या रूपात आला नव्हता.

ग्रिफिथविषयी एवढे लिहिता येते, यातच अडचणीचे मूळ आहे. गट्ससोबत राहायचे की ग्रिफिथसोबत, हा निर्णय कास्काला ग्रहणाच्या आदल्या प्रहरात घ्यावा लागतो. ग्रिफिथ आता हात हलवू शकत नाही, बोलू शकत नाही. गट्सने आपल्या वाटेने जावे, आपण मात्र याला सोडू शकत नाही, असे कास्का सांगते. का? लहानपणी एका सरदाराच्या तावडीत सापडली असताना ग्रिफिथने तिच्यापुढे तलवार फेकली होती, ती कृतज्ञता आहे का? ज्या माणसाच्या स्वप्नात आपल्याला अपरिहार्य जागा हवी होती, तो आता पूर्णपणे आपल्यावर अवलंबून आहे, यातले न कबूल करता येणारे समाधान आहे का? गट्सला मोकळे ठेवण्यासाठी केलेला हा त्याग आहे, की गट्सवर पुन्हा विसंबण्याची भीती? पूर्वीच्या खंडांत गुहेत गट्सला सांगितलेल्या तिच्या आठवणींमधून यातील प्रत्येक शक्यतेला आधार मिळतो. मालिकेतील सर्वांत गुंतागुंतीचा मानसिक क्षण कदाचित हाच असेल.

परंतु गाडीत पडलेल्या ग्रिफिथपर्यंत हे बोलणे पोचते. गट्सने आडून ऐकलेल्या संवादाचे हे उलटे प्रतिबिंब आहे, ही गोष्ट वाचकांनी अचूक टिपली. त्यानंतर मात्र सर्वांची चर्चा, त्या शब्दांनी ग्रिफिथचे काय झाले, याच दिशेने गेली. शब्द कास्काचे होते. ती काय म्हणत होती, हे विचारायचे राहून गेले.

वोल्फगांग इझर यांच्या मते संहितेतील रिक्त जागा वाचकाला कृतिप्रवण करतात. 'बर्सर्क'चा अनुभव या सिद्धान्ताला एक पुरवणी मागतो. दोन रिक्त जागा सारख्याच मोठ्या असूनही एकीत गर्दी होते आणि दुसरीकडे कोणी फिरकत नाही. वाचक रिकाम्या जागी जातो हे खरे नाही. संहितेने ज्याला 'आत' आहे असे दाखवले, त्याच्याच रिकाम्या जागी तो जातो. ग्रहणानंतर कास्काची वाणी काढून घेतली गेली आणि ती परत मिळाली ती २०१८ च्या सुमारास, चाळिसाव्या खंडात. म्हणजे सुमारे बावीस वर्षे ती पानावर आहे, पण तिला स्वगत नाही. या काळात वाढलेल्या वाचकाने तिला सांभाळण्याची वस्तू म्हणून पाहावे, याला मालिकेची निवेदनपद्धतीच जबाबदार आहे. अखेर कथा तिच्या मनात शिरते तेव्हाही शिरतात त्या दुसऱ्या दोघी, फार्नेस आणि श्येर्के; आणि त्या मनाच्या मध्यभागी दिसतो तो जखमी कुत्रा, शवपेटी ओढत नेणारा, म्हणजे पुन्हा गट्सच. ही प्रतिमा करुण आहे, कलात्मकदृष्ट्या समर्थही आहे. तरी तिच्या मनात तिच्याखेरीज सर्वजण आहेत, हे नजरेआड करता येत नाही.

यातून होणारी हानी केवळ सौंदर्यशास्त्रीय नाही. ग्रिफिथचे काही चुकलेच नाही, असे एक घोषवाक्य इंग्रजी वाचकवर्तुळांत अर्धवट थट्टेने रूढ झाले. थट्टा बाजूला ठेवली तरी गंभीर उपपत्त्यांतही तोच कल आढळतो. प्रेमाच्या उपपत्तीत बलात्कार हा गट्सला उद्देशून धाडलेला निरोप ठरतो, कास्का केवळ कागद. कार्यकारणभावाच्या अटळ प्रवाहाची उपपत्ती, जिला त्या वगळलेल्या प्रकरणाचा आधार घेतला जातो, कृत्यातून कर्त्यालाच वजा करते. हेतू समजणे आणि हेतूने कृत्य झाकले जाणे यांतील अंतर येथे फारच अरुंद होते. निवेदनाने या दृष्टीला मज्जाव केला असेही नाही. त्या प्रसंगाची चौकट पुन्हा पुन्हा गट्सच्या डोळ्यावर येऊन थांबते. दुःखाचा साक्षीदार दुःखाचा धनी होतो.

तर्क करणे थांबवावे, असा याचा अर्थ नव्हे. नाइट्स यांच्या शिस्तीने हा प्रश्नच उद्भवला नसता, आणि तोटा झाला असता. कास्काविषयी तर्क कमी झाले, ही तक्रार आहे. मोजक्या वाचकांनी, विशेषतः स्त्रीवाचकांनी, गाडीजवळच्या त्या निर्णयाकडे पुन्हा वळून पाहिले आहे, आणि त्यांचे वाचन ग्रिफिथविषयीच्या शंभर उपपत्त्यांहून संहितेशी अधिक प्रामाणिक आहे.

जून २०२२ पासून ही मालिका मिउरांचे शालेय वयापासूनचे मित्र कौजी मोरी यांच्या देखरेखीखाली, 'स्टुडिओ गागा'च्या चित्रकारांच्या हातून पुढे सुरू झाली. मिउरांनी सुमारे तीस वर्षांपूर्वी संपूर्ण कथा आपल्याला सांगितली होती, जे स्पष्ट आठवते तेवढेच देऊ, पदरचे काही घालणार नाही, अशी मोरींची जाहीर भूमिका आहे. लेखकाचा हेतू आता एका मित्राच्या स्मरणात वसतो. टोळीतील मैत्रीचे चित्रण आपल्या शालेय मित्रांवरून सुचल्याचे मिउरांनी सांगितले होते, त्यामुळे हा साक्षीदार कथेच्या उगमाजवळचाही आहे. या पुढील प्रकरणांत ग्रिफिथ कास्काला उचलून आपल्या राजधानीत नेतो. त्याने तिला का नेले, याविषयीचे तर्क लगेच सुरू झाले.