विद्यार्थिदशेतील ध्यास आणि घर-परीक्षेचा दाब : ‘कोसला’ व ‘उचल्या’ यांच्या आधारे एक पुनर्विचार

प्रस्तावना :

विद्यार्थ्याची स्वतःची आवड एका बाजूला आणि कुटुंबाच्या अपेक्षा व परीक्षेचे गुण दुसऱ्या बाजूला, हा संघर्ष आज प्रत्येक महाविद्यालयाच्या आवारात पाहावयास मिळतो. नांदेड-लातूर परिसरात तर या संघर्षाला एक खास प्रादेशिक रूप प्राप्त झाले आहे. ‘लातूर पॅटर्न’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अध्यापनपद्धतीने या भागाला महाराष्ट्रभर ओळख मिळवून दिली. भोकरसारख्या तालुक्याच्या गावातून दहावीनंतर मुले नांदेड वा लातूरला खोली करून राहतात, शिकवणी वर्गात नाव घालतात आणि दोन वर्षे ‘नीट’ किंवा ‘जेईई’ या एकाच शब्दाभोवती घरातील सर्व बोलणे फिरत राहते. त्यातून जी मुले मागे राहतात, त्यांपैकी अनेक जण पुढे कला शाखेच्या वर्गात आपल्यासमोर येऊन बसतात.

प्रस्तुत लेखकही अशाच विद्यार्थ्यांपैकी एक होता. बारावी विज्ञानाच्या वर्षी शिकवणीच्या शुल्कासाठी वडिलांनी बैलजोडी विकली आणि मी त्याच वर्षी नाटकाच्या तालमींना जात राहिलो. निकाल लागल्यावर वडील काहीच बोलले नाहीत. ते न बोलणे कसे वाचावे, याचे उत्तर मला पुढे मराठी विषयाचा अभ्यास करताना साहित्यकृतींतूनच शोधावे लागले. या अनुभवाच्या पार्श्वभूमीवर भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३) ही कादंबरी आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) हे आत्मकथन यांचा पुनर्विचार करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रचलित मांडणी आणि तिची मर्यादा :

या विषयाची लोकप्रिय मांडणी महेश मांजरेकर दिग्दर्शित ‘शिक्षणाच्या आईचा घो’ (२०१०) या चित्रपटात ठळकपणे दिसते. मध्यमवर्गीय मधुकर राणे यांचा मुलगा श्री क्रिकेटमध्ये रमणारा, अभ्यासात मागे पडणारा. गुणांच्या हव्यासापायी आणि कर्जाच्या काळजीपायी बापाचा तोल जातो, त्याच्या मारहाणीत मुलगा बेशुद्धावस्थेत जातो आणि पश्चात्तापदग्ध बाप शिक्षणव्यवस्थेलाच जाब विचारू लागतो. त्याआधी काही दिवस, डिसेंबर २००९ मध्ये, ‘थ्री इडियट्स’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला होता. दोन्ही चित्रपटांनी पालकांना विचार करावयास लावले, हे त्यांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

तथापि या मांडणीच्या मुळाशी एक गृहीतक आहे. मुलाची आवड रास्त ठरते, कारण त्या आवडीत त्याला गती आहे; आज अभ्यासात मागे असलेला मुलगा उद्या मैदानावर पुढे असेल. २०१२ साली प्रकाश राज यांनी या चित्रपटाची तमिळ आवृत्ती केली, तिचे नावच ‘धोनी’ असे होते. म्हणजे आवडीची बाजू मांडतानाही आपल्याला एका यशस्वी माणसाचे नाव पुढे करावे लागते. मग ज्याला नाटक आवडते पण जो सामान्य नट आहे, जिला कविता लिहाव्याशा वाटतात पण जिची कविता अजून कच्ची आहे, अशा विद्यार्थ्यांचे काय? गुणपत्रिकेची जुलमी सत्ता नाकारून आपण तिच्या जागी यशाची दुसरी गुणपत्रिकाच आणून बसवतो, असे येथे खेदाने नमूद करावेसे वाटते.

‘कोसला’ : अनाम ध्यासाची शोकांतिका :

‘कोसला’ची थोरवी या गृहीतकाला नकार देण्यात आहे. खानदेशातील सांगवी या खेड्यातून पुण्यात शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर हा कोणत्याही एका कलेचा असामान्य उपासक नाही. तो वादविवाद मंडळाचा सेक्रेटरी होतो, वसतिगृहाच्या उठाठेवीत पडतो, मेसच्या कारभारात तोट्यात येतो, मित्रांवर पैसे उधळतो आणि शेवटी परीक्षेत अपयशी होऊन गावी परततो. त्याला नेमके काय हवे आहे, हे त्यालाही सांगता येत नाही. त्याच्या निवेदनात सतत येणारे ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ हे शब्द केवळ शैलीचे वैशिष्ट्य म्हणून पाहिले जातात. परंतु स्वतःच्या इच्छेला नाव न सापडलेल्या तरुणाची ती भाषा आहे, असेही म्हणता येईल. जे सांगायचे ते ‘वगैरे’मध्येच उरते.

वडील आणि मुलगा यांच्या नात्याकडे या कादंबरीत पैशाच्या अंगाने पाहणे आवश्यक आहे. पांडुरंगाचे वडील गावातील प्रतिष्ठित, सधन शेतकरी आहेत. मुलाचे पुण्यातील स्वातंत्र्य त्यांनी पाठविलेल्या पैशावर उभे आहे आणि याची जाणीव दोघांनाही आहे. हिशोब मागणे हीच वडिलांची बोलण्याची रीत होऊन बसते आणि हिशोब देता न येणे हाच मुलाचा अपराध ठरतो. येथे वडील खलनायक नाहीत व मुलगा हुतात्मा नाही. एकमेकांशी बोलण्यासाठी दोघांकडे खर्च आणि निकाल यांखेरीज तिसरा विषय नाही, हे खरे दुःख आहे.

धाकटी बहीण मनी देवीच्या आजाराने मरण पावते, तेव्हा कादंबरीचा सगळा तोल बदलतो. त्यानंतर महाविद्यालय, परीक्षा, पदे यांचे पोकळपण पांडुरंगाला असह्य होते. घरातील मृत्यूचे ओझे घेऊन वर्गात बसलेला विद्यार्थी अभ्यासक्रमाच्या दृष्टीने केवळ ‘गैरहजर’ किंवा ‘अनुत्तीर्ण’ असतो. शिक्षक म्हणून आपल्याला विचार करावयास लावणारी ही जागा आहे. कादंबरीच्या शेवटी पांडुरंगाची कोणतीही भरपाई होत नाही. कोशातून फुलपाखरू बाहेर पडल्याचे दृश्य नेमाडे दाखवीत नाहीत. २०१४ च्या ज्ञानपीठ पुरस्काराने लेखकाचा सन्मान झाला; पांडुरंग मात्र सांगवीतच राहिला, हे विसरता येत नाही.

‘कोसला’वर एक आक्षेप रास्तपणे घेता येतो. भरकटण्याची चैन परवडणारा हा सधन घरातील मुलगा आहे. परतून यायला त्याला जमीन आहे. ज्याला ती नाही त्याचे काय? या प्रश्नाचे उत्तर लातूर जिल्ह्यातीलच एका आत्मकथनाने दिले आहे.

‘उचल्या’ : जेथे शाळा हाच ध्यास :

लक्ष्मण गायकवाड हे लातूरजवळच्या धनेगावचे. ब्रिटिशांच्या १८७१ च्या कायद्याने ज्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि १९५२ साली ज्या ‘विमुक्त’ म्हणून घोषित झाल्या, त्यांच्या जगण्याचे चित्रण ‘उचल्या’त येते. १९८८ साली या कृतीस साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

येथे आपल्या विषयाची सारी मांडणीच उलटी होते. या वस्तीत परंपरेने चालत आलेला ‘अभ्यासक्रम’ चोरीचा आहे. मुलाने तो शिकावा, ही जगण्याची अपेक्षा आहे. पाटी-पुस्तक हाच घराच्या रीतीबाहेरचा छंद ठरतो. लक्ष्मण शाळेत जाऊ लागतो तेव्हा वस्तीतील मुलांच्या आजारपणाचा दोष त्याच्या शाळेत जाण्यावर येतो. आपल्या जमातीत कोणी शिकले नाही, शिकले तर अरिष्ट येते, ही त्यामागची समजूत होय. त्या दबावापुढे त्याचे वडील न झुकता मुलाला शाळेत पाठवीत राहतात. मराठी साहित्यातील पित्याच्या चित्रणांमध्ये हा बाप मला फार मोठा वाटतो. त्याच्याकडे मुलाला देण्यासारखे काही नाही. तो केवळ जमातीचा रोष स्वतःच्या अंगावर घेतो.

पुढे लक्ष्मणचे शिक्षण अपुरे राहते, तो लातूरच्या सूतगिरणीत कामगार होतो आणि तेथून कामगार व भटक्या-विमुक्तांच्या चळवळीकडे वळतो. म्हणजे शाळेने त्याला पदवी दिली नाही, पण स्वतःच्या माणसांची गोष्ट लिहिण्याची भाषा दिली. त्यामुळे ‘शिक्षण विरुद्ध आवड’ असे सरसकट द्वंद्व मांडणे अन्यायाचे आहे. शिक्षण हेच अनेकांच्या बाबतीत पहिले आणि सर्वांत महाग पडलेले स्वप्न होते. आज तांड्यावरून, ऊसतोडीवर जाणाऱ्या घरातून आपल्या वर्गात येणाऱ्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला ‘मनाला वाटेल ते कर’ असा सल्ला देताना ‘उचल्या’ आठवावा.

आधी पदवी, मग आवड? :

पालक बहुधा एक मधला मार्ग सुचवितात : आधी पदवी पदरात पाडून घे, मग काय ते नाटक कर. याचे सर्वांत उज्ज्वल उदाहरण डॉ. श्रीराम लागू यांचे. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असतानाच त्यांना नाटकाने झपाटले. ते कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक झाले. पुण्यात आणि पुढे आफ्रिकेत टांझानियामध्ये त्यांनी व्यवसाय केला. १९६९ साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, ते पूर्णवेळ नट झाले आणि १९७० मध्ये ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आले. ‘लमाण’ या आत्मचरित्रात हा प्रवास त्यांनी मांडला आहे.

या उदाहरणाचा आधार घेताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. एक, लागूंचे वडीलही डॉक्टर होते. व्यवसाय सोडण्याचे धाडस ज्या पायावर उभे होते, तो पाया भक्कम होता. दोन, पदवी आणि आवड यांच्यामधील सुमारे दोन दशके त्यांनी आवड जिवंत ठेवली ती प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनसारख्या हौशी संस्थेच्या आधाराने. संध्याकाळी तालमीला जाता येईल अशी जागा, असे सोबती गावात असावे लागतात. पुण्यात ते होते. भोकर, उमरी, हिमायतनगर येथे ते कोठे आहेत? ‘नंतर कर’ असे सांगणाऱ्याने नंतरची सोयही दाखविली पाहिजे.

आपल्या प्रदेशाच्या संदर्भात :

लातूर पॅटर्नवर टीका करणे सोपे आहे. परंतु कोरडवाहू शेती, कापूस-सोयाबीनचे बेभरवशाचे भाव आणि सततचा दुष्काळ अनुभवलेल्या प्रदेशात बापाने मुलाला डॉक्टर करू पाहणे ही निव्वळ हौस नसते. जमिनीने न दिलेली शाश्वती तो गुणपत्रिकेत शोधत असतो. या पॅटर्नने ग्रामीण मुलांना पुण्या-मुंबईच्या बरोबरीने उभे केले, हेही सत्य आहे. मात्र ज्या व्यवस्थेत यशस्वी मुलांची छायाचित्रे चौकाचौकांतील फलकांवर लागतात, तिच्यात फलकावर न आलेल्या मुलाला घरी परतण्याची वाट उरत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यांत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता. या सर्वांमागे परीक्षाच होती असे नव्हे. पण ही संख्या वाचून कोणत्याही शिक्षकाला स्वस्थ बसवणार नाही.

आणखी एक उणीव येथे नोंदविणे अगत्याचे आहे. वर चर्चिलेल्या सर्व कृती मुलांच्या, म्हणजे पुत्रांच्या आहेत. ‘कोसला’तील मनीला तिची आवड कळण्याइतकेही आयुष्य लाभत नाही. आपल्या महाविद्यालयातील मुलींच्या बाबतीत ध्यासाचा प्रश्न शेवटच्या बसच्या वेळेशी बांधलेला असतो. विद्यापीठाच्या ‘ज्ञानतीर्थ’ युवक महोत्सवासाठी तालमी सुरू झाल्या, की पहिल्या आठवड्यात गळतात त्या मुली. त्यांच्या घरी कोणी मारहाण करीत नाही, कोणी रागावतही नाही. फक्त स्थळ पाहायला पाहुणे येणार असतात. या शांत नकाराची कादंबरी मराठीत अद्याप पुरेशी लिहिली गेलेली नाही.

निष्कर्ष :

१. आवड विरुद्ध कुटुंब या संघर्षात एकच बाजू दोषी धरणारी मांडणी अपुरी आहे. ‘कोसला’त मुलाचे स्वातंत्र्य वडिलांच्या पैशावर उभे आहे, तर ‘उचल्या’त मुलाचे शिक्षण वडिलांच्या धैर्यावर.

२. आवडीचे समर्थन भावी यशाच्या आधारे करणे म्हणजे परीक्षेचेच तत्त्व मागील दाराने स्वीकारणे होय. सामान्य गुणवत्तेच्या विद्यार्थ्यालाही गाण्याचा, खेळण्याचा, लिहिण्याचा हक्क आहे.

३. ग्रामीण महाविद्यालयांतील सांस्कृतिक विभाग, वार्षिकांक, स्नेहसंमेलन व क्रीडांगण यांकडे मूल्यांकनासाठी भरावयाच्या रकान्यांपलीकडे पाहणे आवश्यक आहे. अनेक विद्यार्थ्यांसाठी आयुष्यातील ती एकमेव रंगभूमी असते.

समारोप :

गेल्या वर्षी कला शाखेच्या एका विद्यार्थ्याचे वडील त्याच्या नाटकाबद्दल तक्रार घेऊन विभागात आले. त्यांना समजावून सांगण्याचा माझा अधिकार किती, हे मला ठरविता येईना. मी त्यांना तालमीला बसविले. एक तास ते मागच्या बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसले. जाताना त्यांनी मुलाला एवढेच विचारले, की जेवलास का? तो मुलगा दुसऱ्या दिवशी तालमीला आला. खर्च आणि निकाल यांखेरीज बाप-लेकाला तिसरा विषय मिळावा, एवढे काम महाविद्यालयाने केले तरी पुष्कळ झाले. पांडुरंग सांगवीकरला ते मिळाले नव्हते, आणि ते माझ्या वडिलांना आणि मलाही मिळाले नव्हते.