शोनेन मांगातील प्रेमाचे उपकथानक आणि नायकाची घडण

जपानी भाषेत ‘शोनेन’ म्हणजे किशोरवयीन मुलगा आणि ‘मांगा’ म्हणजे चित्रकथा. मुलांसाठी निघणाऱ्या नियतकालिकांतून क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या चित्रकथांना शोनेन मांगा म्हटले जाते. १९५९ साली ‘शोनेन मॅगझिन’ आणि ‘शोनेन संडे’ ही दोन साप्ताहिके सुरू झाली; १९६८ साली त्यांत ‘शोनेन जंप’ची भर पडली. ‘मैत्री, परिश्रम, विजय’ ही ‘जंप’ची त्रिसूत्री प्रसिद्धच आहे. या तीन शब्दांत प्रेमाला स्थान नाही. तरीही या परंपरेतील बहुतेक दीर्घ कथांत प्रेमाचे एखादे उपकथानक आढळतेच. ते केवळ विरंगुळा म्हणून येते, की नायकाच्या घडणीत त्याचा काही वाटा असतो, हा प्रश्न विचारात घेण्याजोगा आहे.

येथे बळाची वाढ आणि व्यक्तित्वाची वाढ असा भेद करावा लागतो. क्रमशः चालणाऱ्या कथेत प्रत्येक प्रतिस्पर्धी आधीच्यापेक्षा सामर्थ्यवान असतो आणि त्याच्याबरोबर नायकाचे बळही वाढत जाते. मात्र त्यामुळे नायकाची स्वतःकडे पाहण्याची दृष्टी बदलतेच असे नाही. प्रतिस्पर्धी त्याच्या बळाची परीक्षा घेतो; ते बळ कशासाठी, हा प्रश्न तो सहसा विचारीत नाही. तो विचारण्याचे काम पुष्कळदा प्रेमाच्या उपकथानकातील स्त्री-व्यक्तिरेखेकडे येते.

१९६८ ते १९७३ या काळात प्रसिद्ध झालेली ‘आशिता नो जो’ ही मुष्टियोद्ध्याची कथा या दृष्टीने लक्षणीय आहे. तिचे लेखन ताकामोरी असाओ या नावाने काजिवारा इक्की यांनी केले आणि चित्रे चिबा तेत्सुया यांनी काढली. वस्तीतल्या दुकानदाराची मुलगी नोरिको जोला विचारते, की त्याच्या वयाची इतर मुले तारुण्याचा आनंद घेत असताना या रक्ताळलेल्या आयुष्याचा त्याला कंटाळा कसा येत नाही? उत्तर देताना जो आपल्या जगण्याचा अर्थ प्रथमच शब्दांत मांडतो. अर्धवट धुमसत राहण्यापेक्षा क्षणभर का होईना, लखलखीत जळावे आणि मागे केवळ पांढरी राख उरावी, अशी त्याची धारणा आहे. नोरिको त्या वाटेने येऊ शकत नाही; पुढे ती मुष्टियुद्ध सोडून दिलेल्या निशीशी विवाह करते. प्रेम म्हणून हे उपकथानक विफल ठरते. परंतु अंगात नुसती रग असलेल्या पोराचे जाणिवेने निवड करणाऱ्या माणसात झालेले रूपांतर त्याखेरीज वाचकाला कळले नसते. अखेरच्या लढतीपूर्वी योको त्याच्या प्रकृतीची कल्पना देऊन, आपले प्रेम व्यक्त करून त्याला थांबवू पाहते. तो थांबत नाही. मात्र लढत संपल्यावर आपले हातमोजे तिच्याच स्वाधीन करतो. आपण काय नाकारले याचे भान त्या कृतीत आहे.

आदाची मित्सुरू यांच्या ‘टच’मध्ये (१९८१–१९८६) प्रेम आणि खेळ एकमेकांपासून वेगळे काढताच येत नाहीत. शेजारी राहणाऱ्या मिनामीला कोशिएनच्या राष्ट्रीय शालेय बेसबॉल स्पर्धेपर्यंत नेण्याचे वचन जुळ्या भावांपैकी धाकट्या काझुयाने दिलेले असते. प्रादेशिक अंतिम सामन्याच्या दिवशीच एका मुलाला वाचवताना तो अपघाती मरण पावतो. आळशी म्हणून ओळखला जाणारा थोरला तात्सुया त्याच्या जागी चेंडू हाती घेतो, आणि येथेच खरा पेच निर्माण होतो: तात्सुया मृत भावाचे स्वप्न पुरे करीत आहे, की स्वतःचे आयुष्य जगत आहे? मिनामीवरचे प्रेम उघड करणे म्हणजे भावाची जागा बळकावणे, असा सल त्याच्या मनात असतो. पुलाखाली, वरून धडधडत जाणाऱ्या आगगाडीच्या आवाजात मिनामी रडते, त्या प्रसंगाला आदाचींनी भाष्याची जोड दिलेली नाही. हा संयम सबंध कृतीभर टिकतो. तात्सुया अखेर आपले प्रेम निःसंदिग्धपणे बोलून दाखवतो. कोशिएनचे सामने मात्र चित्रित होतच नाहीत. तेथील विजयाची वार्ता वाचकाला एका स्मृतिचिन्हावरून कळते. विजयाच्या वाङ्मयप्रकारात विजयच वगळला गेला, कारण नायकाची घडण त्याआधीच पूर्ण झाली आहे.

आराकावा हिरोमू या लेखिकेच्या ‘फुलमेटल अल्केमिस्ट’मध्ये (२००१–२०१०) काही मिळवायचे तर तितक्याच मोलाचे काही द्यावे लागते, हा किमयेचा नियम आहे. कृत्रिम अवयव घडवणारी विन्री ही नायक एडवर्डची वाट पाहत बसलेली बाहुली नाही. तिला स्वतःचा व्यवसाय आहे, स्वतःचे दुःख आहे. आईवडिलांच्या मारेकऱ्यावर ती पिस्तूल रोखते तेव्हा एडवर्ड तिला थांबवतो. तिचे हात माणसे जगवणारे आहेत, याची आठवण देतो. अखेरीस तो तिला मागणी घालतो, तीही विनिमयाच्याच परिभाषेत: अर्ध्या आयुष्याच्या बदल्यात अर्धे आयुष्य. विन्री तो हिशेबच हास्यास्पद ठरवून सगळे आयुष्य देऊ करते. ज्या नियमावर सबंध कथा उभी आहे, त्याची मर्यादा अशा रीतीने एका घरगुती थट्टेतून उघड होते.

याउलट किशिमोतो मासाशी यांच्या ‘नारुतो’मध्ये (१९९९–२०१४) हिनाता प्राण पणाला लावून प्रेमाची कबुली देते, परंतु तिला नारुतोचे स्पष्ट उत्तर मूळ मालिकेत मिळत नाही. अंतिम प्रकरणात एकदम दोघांचा संसार दिसतो. मधला दुवा जुळवण्याचे काम २०१४ सालच्या चित्रपटावर सोपवले गेले. मैत्री आणि वैर यांच्या चित्रणात समर्थ असलेल्या या कृतीत प्रेम नायकाला काहीच विचारीत नाही. ते पारितोषिकासारखे शेवटी हाती येते.

ही उणीव एकट्या लेखकाची नव्हे. तिचे मूळ प्रकाशनाच्या पद्धतीतही आहे. कथा आठवड्यामागून आठवडे चालू ठेवायची तर निर्णायक उत्तर लांबणीवर टाकावे लागते आणि अनुत्तरित प्रेमाइतके लांबवण्यास सोयीचे दुसरे सूत्र नाही. म्हणून अशा कृतींचे मूल्यमापन करताना नायकाला शेवटी कोण लाभली, हा निकष अपुरा पडतो. नायकाच्या ध्येयाला प्रश्न विचारण्याचा आणि त्याला नकार देण्याचा अधिकार कथेने तिला दिला काय, हे पाहावे लागते. नोरिको, मिनामी आणि विन्री यांना तो अधिकार लाभला, आणि त्यामुळेच जो, तात्सुया आणि एडवर्ड हे केवळ अधिक बलवान न होता अधिक जाणते झाले.