पॅनेलच्या पाठीमागचं काम

मेहकर तालुक्यातल्या जानेफळच्या शिवारात सोयाबीन-तुरीच्या मधे सौर पॅनेल उभी राहिली, की बघणारा समोरून बघतो आणि किती वॅटची ते विचारतो. वायरमनचं कसब मात्र मागच्या बाजूला असतं. मोठ्या प्रकल्पात तिथून डीसी केबली जस्त चढवलेल्या लोखंडी ट्रेमधून इन्व्हर्टरकडे जातात.

चांगल्या ट्रेमध्ये मला सर्वांत आधी भावतं ते लाल आणि काळ्या केबलीनं एकमेकींना धरून जाणं. प्लस एका वाटेनं आणि मायनस दुसऱ्या वाटेनं नेली, तर दोघींच्या मधे मोठा वेढा तयार होतो. जवळपास वीज पडली की त्या वेढ्यात जबर व्होल्टेज उमटतं आणि इन्व्हर्टर जळू शकतो. जोडी जवळ ठेवली की वेढा आक्रसतो. बहुतेक वेळा याला जादा पैसा लागत नाही, आधी केलेला विचार लागतो.

केबल नेताना आधी केलेला विचार एवढा मोलाचा का? घरातला एसी प्रवाह सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, म्हणून पेटलेल्या ठिणगीला विझायची संधी मिळते. डीसीत ती नाही. केबल सोलली किंवा जोड सैल राहिला, तर ठिणगी जळतच राहते. शिवाय स्विच पाडला तरी ऊन आहे तोवर पॅनेलकडची केबल जिवंतच! मोठ्या प्रकल्पात या केबलीतलं व्होल्टेज 1500 व्होल्टपर्यंत असतं.

हे कळलं की बारीकसारीक गोष्टी बोलू लागतात. कापलेल्या पत्र्याची कड घासून तिच्यावर रबर बसवलेलं. वळणावर केबल दुमडलेली नाही, ऐसपैस फिरवलेली. ट्रेच्या तुकड्यांना अर्थिंगनं जोडलेलं, एसीची केबल वेगळ्या ट्रेत. वऱ्हाडच्या उन्हात साधी प्लॅस्टिक टाय ठिसूळ होऊन तुटते, केबल लोंबते आणि वाऱ्यानं कडेवर घासत राहते. जाणता कारागीर उन्हात टिकणारी टायच वापरतो. पण माझी खरी पारख ट्रे संपतो तिथल्या शेवटच्या वीतभर जागेत होते. तिथे केबल ग्लँडमधून, म्हणजे तिला घट्ट धरणाऱ्या तोंडातून, ताण न पडता जोडणीच्या पेटीत शिरली असेल, तर बाकीचं कामही मन लावून केलंय असं मी समजतो.

अशाच सौर प्रकल्पांसाठीच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मधला पहिला प्रकल्प 2024 मध्ये वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला सुरू झाला, 3 मेगावॅटचा. रात्री पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी, हा योजनेचा हेतू. तो हेतू शेवटी या ट्रेमधूनच वाहतो.

तुमच्या गावात असं काम होत असेल तर केबलला हात लावू नका. पण काम ताब्यात घेण्याआधी ठेकेदाराला ट्रेचं झाकण उघडून दाखवायला सांगा आणि केबलवर आयएस 17293 हा सौर केबलींच्या भारतीय मानकाचा क्रमांक छापलाय का, ते वाचा.