लक्ष्यदर्शक घरगुती कॅमेरा : एक चिकित्सक टिपण

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे यांनी ५० मीटर रायफल तीन स्थिती प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळविले. अशा स्पर्धांत इलेक्ट्रॉनिक लक्ष्यामुळे प्रत्येक गोळीचे स्थान तत्काळ पडद्यावर उमटते. कसारा, शहापूर, मुरबाड परिसरातील महाविद्यालयाने नेमबाजी शिकवावयाची ठरविल्यास ही सोय सहजी परवडणारी नाही. कागदी लक्ष्यावरील ५.६ मिलिमीटरचे छिद्र ५० मीटरवरून नुसत्या डोळ्यास दिसत नाही. लक्ष्याजवळ पोलादी पत्र्याआड ठेवलेला जुना मोबाइल व वाय-फाय यांची घरगुती योजना हा त्यावरील स्वस्त पर्याय होय.

तथापि तिच्या दोन मर्यादा ध्यानात घ्यावयास हव्यात. पहिली तांत्रिक. कॅमेरा गोळीच्या मार्गाबाहेर, बाजूस ठेवावा लागतो. ३० अंशांच्या तिरकसपणामुळे १०.४ मिलिमीटर व्यासाचे दहा गुणांचे वर्तुळ आडवे सुमारे ९ मिलिमीटरच भासते. लक्ष्यावरील वर्तुळांची मापे ज्ञात असल्याने हा दोष गणिताने दूर करता येतो.

दुसरी मर्यादा शैक्षणिक असून अधिक गंभीर आहे. कॅमेरा परिणाम दाखवितो, कारण नव्हे. श्वास, खांदा, चापावरील बोट यांविषयी तो मूक राहतो. प्रत्येक गोळीनंतर पडदा पाहणारा विद्यार्थी गुणांच्या मागे लागतो. स्थैर्य दुर्लक्षित राहते. म्हणून पाच गोळ्यांचा गट पूर्ण होईपर्यंत पडदा झाकलेला असावा आणि विद्यार्थ्याने प्रत्येक गोळीविषयीचा आपला अंदाज आधी कागदावर नोंदवावा. अंदाज व छिद्र यांतील अंतर उमगणे, हेच या साधनाचे खरे प्रयोजन ठरते.