सैनिकांची पत्रे की सेन्सॉरचे उतारे?

पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक हिंदी सैनिक समुद्रापार गेले. त्यांच्यापैकी बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हते. तरीही फ्रान्सच्या आघाडीवरून आणि ब्रायटनच्या इस्पितळातून त्यांची हजारो पत्रे घरी आली. डेव्हिड ओमिसी यांनी संपादित केलेला ‘इंडियन व्हॉइसेस ऑफ द ग्रेट वॉर’ हा १९९९ मधील संग्रह अशा सहाशेहून अधिक पत्रांचा आहे. शिपाई म्हणजे केवळ हुकुमाचा ताबेदार, या समजुतीला या ग्रंथाने छेद दिला. पगार, बढती, जमिनीचे तंटे, इज्जत, धर्माचरण, मृत्यूची धास्ती असे सारे विषय त्यात शिपायाच्या बाजूने येतात. ग्रंथाचे हे श्रेय निर्विवाद आहे. परंतु ज्या दप्तरावर तो उभा आहे, त्याचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे.

हे दप्तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या संग्रहात आहे. फ्रान्समध्ये हिंदी टपालाची तपासणी करण्यासाठी कॅप्टन हॉवेल यांच्या हाताखाली एक कचेरी होती. तेथे निवडक पत्रांतील मजकूर इंग्रजीत उतरवून दर आठवड्याला अहवाल तयार होई. आज उपलब्ध आहेत ते प्रामुख्याने हे उतारे. मूळ पत्रे त्यात जवळजवळ नाहीत. म्हणजे शिपायाने सांगितले, लेखनिकाने लिहिले, तपासनिसाने निवडले, अनुवादकाने इंग्रजी केले आणि त्यानंतर संपादकाने पुन्हा निवड केली. ओमिसी प्रस्तावनेत या अडचणींची चर्चा करतात आणि तरीही पत्रांतून पुष्कळ कळते, अशी भूमिका घेतात. ही भूमिका अंशतःच पटते.

एक उदाहरण पुरेसे आहे. आपली पत्रे वाचली जातात हे कळल्यावर शिपाई सांकेतिक भाषा वापरू लागले. हिंदी सैनिकांना काळी मिरी आणि गोऱ्यांना लाल मिरची म्हणण्याचा संकेत प्रसिद्ध आहे. पण तो आपल्यापर्यंत आला, कारण तपासनिसाला तो उमगला. जे संकेत त्याला उमगले नाहीत, ते अहवालात संकेत म्हणून नोंदले जाणे शक्यच नव्हते. तुर्कस्तान १९१४ च्या अखेरीस युद्धात उतरल्यावर मुस्लिम शिपायांच्या मनाचा कौल घेणे हेही सरकारच्या काळजीचे कारण होते. त्यामुळे उताऱ्यांतील निष्ठा आणि नाराजी या दोन्हींचे प्रमाण शिपायाच्या मनापेक्षा सरकारच्या चिंतेवरून ठरलेले असू शकते. शिवाय उतारा करताना सलाम-दुआ, वडीलधाऱ्यांची विचारपूस, मायना असा ‘निरुपयोगी’ भाग सहज गळतो. घरातील नाती नेमकी तेथेच दिसतात.

दुसरी मर्यादा भूगोलाची आहे. हिंदी पायदळाचा मोठा भाग १९१५ च्या अखेरीस फ्रान्समधून हलवला गेला. मराठा पलटणींची मोठी कामगिरी तर मेसोपोटेमियात झाली. कूतच्या वेढ्यात, म्हणजे डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात, १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी अडकल्या होत्या. या पलटणींत मराठ्यांबरोबर दख्खनी मुसलमानही होते. फ्रान्सच्या कचेरीचे दप्तर त्यांच्याविषयी फारसे बोलू शकत नाही. अशा संग्रहाला ‘हिंदी आवाज’ म्हणताना ही पोकळी विसरता कामा नये.

बर्लिनमधील ध्वनिसंग्रहाशी तुलना केली तर मुद्दा अधिक स्पष्ट होतो. वुन्सडॉर्फच्या छावणीतील हिंदी युद्धकैद्यांचे आवाज जर्मन अभ्यासकांनी मुद्रित केले. तेथेही कैदी स्वतंत्र नव्हता. पण त्याची भाषा, उच्चार आणि लय शाबूत राहिली. अनुवादित उताऱ्यात तेवढेही उरत नाही.

यातून अभिलेखागारांसाठी धडा निघतो. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. त्या परिसरात किंवा कोकणात एखाद्या घरी पत्र, मनीऑर्डरची पावती, नोकरीचा दाखला किंवा पदक असेल, तर त्याचा केवळ सारांश नोंदवून भागणार नाही. मूळ कागद, त्याची लिपी, पाकीट, शिक्के, मागील बाजूची टिपणे आणि तो कोणाकडून आला याची हकिकत एकत्र जपली पाहिजे. अनुवाद मुळाशेजारी असावा, मुळाच्या जागी नव्हे. उर्दू, मोडी किंवा बालबोध लिपीतला तो कागद गेला, तर मागे उरते ते सेन्सॉरला जेवढे महत्त्वाचे वाटले तेवढेच.